मेणधोंडा

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास नांदेरीच्या जुन्या बाजारात गटाराचं एक लोखंडी झाकण आपोआप वर आलं. आधी जरासं हललं, मग एका बाजूने उचललं गेलं आणि रस्त्यावर आडवं पडलं. खालून काळं पाणी उसळलं. त्यात पांढरट, मळकट गोळे तरंगत होते. भाजीवाल्यांनी पाट्या उचलून पळ काढला. पाणी बाजाराच्या उतारावरून नाल्यात गेलं आणि नाल्यातून कोयरी नदीत.

नाला जिथे नदीला मिळतो तिथून थोडं खाली भोईवाडीची पाण्याची विहीर आहे, नदीकाठालाच खोदलेली. मंगळवारी दुपारपर्यंत भोईवाडीतली एकेचाळीस माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात होती. मासे पोटं वर करून काठाला लागले होते.

नगरपालिकेच्या पाणी-प्रयोगशाळेत मयूरी खोचरे ही छत्तीस वर्षांची रसायनतज्ज्ञ काम करत होती. सोमवारी गटारापाशी पोहोचलेल्या पहिल्या चार-पाच माणसांत तीही होती. सफाई कामगारांनी पाण्याचा जोर सोडून नळ मोकळा केला, तेव्हा आतून एक भलामोठा दगडासारखा गोळा निघाला. चौघांनी दोर लावून तो वर ओढला.

"मेणधोंडा," कामगारांचा मुकादम म्हणाला. "एवढा मोठा आजवर बघितला न्हवता, मॅडम."

मयूरीने करवतीने त्याचा एक तुकडा कापून डब्यात घेतला. हाताला तो मेणासारखा लागत होता, पण नखाने ओरखडा उठत नव्हता.

मेणधोंडा कसा होतो, हे मयूरी शाळांमधून मुलांना सांगत असे. तेल-तूप पाण्याबरोबर मोरीत जातं तेव्हा पातळ असतं, म्हणून ते गेलं असं आपल्याला वाटतं. पण जमिनीखालचा नळ थंड असतो. तिथे तेल घट्ट होतं आणि भिंतीला चिकटतं. सिमेंटच्या नळातून थोडा थोडा चुना सुटत असतो. तेलातली आम्लं त्या चुन्याशी एकजीव होतात आणि साबणासारखा एक पदार्थ तयार होतो. फक्त हा साबण विरघळत नाही. थरावर थर चढवत दगड होतो. एक दिवस नळ बंद पडतो, आणि मग साऱ्या गावाची घाण वाट फुटेल तिकडे जाते.

हे सारं जुनंच ज्ञान होतं. तीन वर्षांपूर्वी त्यात नवी भर पडली ती तेलठशाची.

प्रत्येक स्वयंपाकघराचं तेल वेगळं असतं, हे संशोधकांनी दाखवून दिलं. कुणी शेंगदाण्याचं वापरतं, कुणी सरकीचं, कुणी दोन्ही मिसळून. कुणी तेच तेल दोनदा तापवतं, कुणी सहादा. प्रत्येक तापवण्यात तेलाचे काही रेणू तुटतात, काही नवे जुळतात. हिंग, ओवा, मिरची, लसूण आपापला अंश मागे ठेवतात. या सगळ्यांचं प्रमाण मांडलं की दोन चुलींचं तेल कधीच अगदी सारखं येत नाही. बोटांच्या ठशांसारखंच. ट्रंकेएवढं एक यंत्र नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचं, निघालेल्या वाफा वेगळ्या करायचं आणि अर्ध्या तासात सांगायचं की ही चरबी कुणाच्या चुलीवरची आहे.

त्यानंतर कायदा आला. नांदेरीत साडेअकरा हजार चुलींची नोंद झाली. प्रत्येक घराने, खानावळीने, हलवायाने वापरलेल्या तेलाची एक छोटी बाटली जमा केली आणि प्रत्येकाला चूल-क्रमांक मिळाला. गटार तुंबलं की अहवाल तीन दिवसांत नगरपालिकेच्या फलकावर लावायचा. ज्याचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त, त्याची चूल बंद.

गाव बदललं ते तेव्हापासून. शेजारणी एकमेकींच्या मोरीकडे बघू लागल्या. स्थळ बघायला आलेली माणसं गप्पांच्या ओघात चूल-क्रमांक विचारून घेऊ लागली आणि परतताना फलकावरचे जुने अहवाल चाळू लागली. एका इमारतीत तर दोन भावांनी मोऱ्यांचे नळ वेगळे करून घेतले. मयूरीला हे सारं दिसत होतं. तरी नदी सुधारत होती, आणि तेवढ्यासाठी हे चालवून घ्यायला हवं असं तिला वाटायचं.

मंगळवारी दुपारी तिने तुकडा यंत्रात ठेवला. अर्ध्या तासाने पडद्यावर यादी उमटली. सर्वांत वर एक क्रमांक होता: शून्य चार एक दोन. वाटा सत्तावन्न टक्के. बाकीचं दोन-अडीच हजार घरांचं आणि खानावळींचं, थेंबाथेंबाने आलेलं.

कोणाचा क्रमांक आहे हे बघायला तिला नोंदवही उघडावी लागली नाही. ती बाटली तिनेच भरून आणली होती. ते रंजना आत्याचं फराळ केंद्र होतं.

तिने तुकड्याच्या दुसऱ्या बाजूचा नमुना घेतला. मग मधला. मग यंत्र धुऊन, कोरी चाचणी घेऊन पुन्हा पहिला. सत्तावन्न, अठ्ठावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. सहाय्यक घरी गेला तरी ती खुर्चीवरून उठत होती, खिडकीपर्यंत जात होती, परत येऊन पडदा बघत होती.

रंजना पोवार ही मयूरीच्या वडिलांची बहीण. मयूरी सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि आत्याने तिला आपल्या घरी आणलं. आत्या तेव्हा एका खोलीत एका कढईवर शेव-चकल्या तळायची. आज त्या एका कढईच्या बारा झाल्या होत्या आणि केंद्रात अडतीस बायका काम करत होत्या. नवऱ्याने टाकलेल्या, नवरा गेलेल्या, ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं अशा. स्वच्छतेबद्दल तर आत्याचं नाव पंचक्रोशीत होतं. तिच्या कढईत तोंड बघावं, असं लोक म्हणायचे.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मयूरी केंद्रावर गेली. आत्या दारातच उभी होती. साठी ओलांडलेली, बारकी, ताठ, केस घट्ट रुमालात बांधलेले.

"ये गं! आज कशी वाट चुकलीस?" ती म्हणाली. "ऐकलंस ना भोईवाडीचं? त्या हॉटेलवाल्यांना एकदा उलटं टांगलं पाहिजे. मी सांगते, त्या स्टँडसमोरच्यांचंच काम असणार."

"आत्या, तुझं जळकं तेल कुठे जातं?"

"म्हणजे काय? गाडी येते की दर शनिवारी. हे बघ." आत्याने तिला मागच्या पडवीत नेलं. सात निळी पिंपं ओळीत उभी होती, झाकणं घट्ट, वर तारखा लिहिलेल्या. "त्याचं डिझेल करतात म्हणे. एक थेंब मोरीत जात नाही माझ्याकडे. पोरींना विचार."

आत्या खोटं बोलत नव्हती, हे मयूरीला दिसत होतं. क्षणभर तिला फार बरं वाटलं. यंत्र चुकलं असेल. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल.

तेवढ्यात पलीकडे पहिल्या घाण्याच्या कढया उतरल्या. दोघींनी तेल गाळून पिंपात ओतलं, अगदी निथळेपर्यंत. मग एकीने कढई मोरीवर नेली, नळ सोडला आणि उकळत्या पाण्याची जाड धार कढईत पडली. तिने वर मूठभर सोडा टाकला. कढईच्या पोटाला, काठाला, झाऱ्याला चिकटलेलं सगळं तेल दुधासारखं पांढरं होऊन पाण्याबरोबर मोरीत गेलं. कढई लखलखीत झाली.

मयूरी तिथेच उभी राहिली. तिच्यासमोर दुसरी कढई आली, मग तिसरी.

"दिवसातून किती वेळा धुता?"

"चार वेळा. प्रत्येक घाण्यानंतर. उगाच नाही आपला माल महिनाभर टिकत."

"बारा कढया. चार वेळा."

"हो. काय झालं तुला?"

"पूर्वी गरम पाण्याने धुवायचीस का?"

"पूर्वी कुठलं गरम पाणी! कोंडा टाकून पुसायचो, तो कोंडा म्हशीवाल्याला द्यायचो. हे सुख आता आलं, तू तो सूर्यबंब मिळवून दिलास तेव्हापासून." आत्या हसली. "पोरी तुला दुवा देतात."

गच्चीवरचा तो दोन हजार लिटरचा सूर्यबंब. महिला केंद्रांसाठीच्या योजनेचा अर्ज मयूरीनेच भरला होता, पाठपुरावा तिनेच केला होता. पंधरा महिन्यांपूर्वी. मेणधोंड्याच्या कापलेल्या तुकड्यात वरचे जाड, पिवळट थर किती होते, ते तिने काल मोजलं होतं. ते थर तेवढ्याच महिन्यांचे होते; हिशेब जुळत होता.

तिने आत्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. पाणी गरम असलं की तेल फक्त पुढे सरकतं, नाहीसं होत नाही. सोड्याने ते बारीक होतं, पण नळात पाणी निवलं की परत एकत्र येतं. पिंपांत जातं ते खरंच सगळं जातं. जे कढईला चिकटून उरतं, ते रोज अठ्ठेचाळीस वेळा गटारात जातं.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती म्हणालीस?"

"सत्तावन्न टक्के."

"आणि हे तू लिहिणार?"

मयूरी मोरीकडे बघत राहिली.

"मला उद्यापासून कोंडा वापरायला सांग. आजपासून वापरते. पण फलकावर नाव लागलं तर केंद्र बंद होईल. या अडतीस जणी कुठे जातील? लोक काय म्हणतील? रंजना पोवारने भोईवाडीला विष पाजलं म्हणतील. मी मुद्दाम केलं का गं?"

"नाही, आत्या."

"मग?"

आतून कुणीतरी आत्याला हाक मारली. आत्या गेली नाही. मयूरीच खाली मान घालून बाहेर पडली.

दुपारी नगरअभियंता धर्माधिकारी साहेबांनी तिला बोलावलं. आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"बसा, मॅडम. असं बघा, पुढच्या महिन्यात त्या केंद्राला राज्याचा पुरस्कार आहे. त्यांचे फोटो आपण प्रत्येक फलकावर लावलेत. बरं, तुमच्या घरचा प्रश्न. मी समजू शकतो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सोड्यामुळे ठसा बिघडतो असं कुठेतरी वाचलंय मी. 'अनेक स्रोत, निष्कर्ष अनिर्णीत' असं लिहिलंत तर कुणी हरकत घेणार नाही. केंद्राला आपण तोंडी समज देऊ. काम तर होतंय ना?"

"सोड्याने ठसा बिघडत नाही, साहेब."

"तुम्हाला माहीत आहे. फलक वाचणाऱ्यांना कुठे माहीत आहे?"

ती बाहेर आली. त्या दिवशी तिने दोन अहवाल लिहिले. एकात सत्तावन्न टक्के होते, दुसऱ्यात अनिर्णीत. दोन्ही तिने पुन्हा पुन्हा वाचले. दुसरा अगदी खोटा होता असंही नव्हतं. अडीच हजार घरांची नावं त्यातही होती. घरी स्वयंपाक करताना तिने फोडणीची कढई नळाखाली धरली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. मग कागदाने पुसली. तेवढ्याने मनाला काही आराम पडला नाही.

गुरुवारी सकाळी पाण्याचे नमुने घ्यायला ती भोईवाडीत गेली. खरं तर ते काम सहाय्यकाचं होतं. विहिरीपाशी सुवर्णा भोई नावाची एक बाई जाळं पसरून बसली होती. दवाखान्यात असलेल्या नवऱ्याचं जाळं. ते ताठ झालं होतं, दोऱ्यादोऱ्यावर पांढरी चरबी चढलेली. ती बोटांनी एकेक डोळा मोकळा करत होती.

"मालक कसे आहेत?" मयूरीने विचारलं.

"सलाईन चालू हाय. लघवी होईना म्हनत होते, काल संध्याकाळी झाली जरा. डाक्टर म्हनले, बघू." तिने वर पाहिलं. "कुनाचं निघालं, ताई? यंत्रात कळतंय म्हनं."

"आज संध्याकाळी फलकावर लागेल."

"मोठ्या मानसाचं असलं तर लागनार न्हाई," सुवर्णा म्हणाली. रागाने नव्हे; उन्हाबद्दल बोलावं तसं. "मागल्या टायमाला बी 'अनेक' म्हनून लिवलं हुतं. आता ह्या अनेकाला कुठं धरावं आमी?"

मयूरी पाण्याची बाटली भरत होती. तिचा हात थांबला. मागच्या वेळी ती रजेवर होती, पण ते वाक्य तिने फलकावर वाचलं होतं आणि पुढे गेली होती.

चार वाजता तिने पहिल्या अहवालावर सही केली. सत्तावन्न टक्के, चूल-क्रमांक शून्य चार एक दोन, रंजना फराळ केंद्र. खाली तिने आणखी एक परिच्छेद जोडला, जो तिच्याकडे कुणी मागितला नव्हता. केंद्राने वापरलेलं तेल नियमाप्रमाणे जमा केलं आहे. दोष कढया गरम पाण्याने धुण्याच्या पद्धतीत आहे. ही पद्धत सूर्यबंब आल्यावर सुरू झाली. तो बंब या अहवालावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने, मोरीचा विचार न करता, मिळवून दिला. आणि सदर केंद्रचालक तिची आत्या आहे, म्हणून सर्व नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला पाठवावेत. शेवटी तिने लिहिलं की गावात असे एकशे बारा बंब वेगवेगळ्या योजनांतून खानावळींना दिले गेले आहेत.

धर्माधिकारी साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्वतःचं नाव कशाला घातलंत?"

"खरं आहे म्हणून."

"मी थांबवू शकतो हा."

"थांबवा, साहेब. मग थांबवल्याची सही तुमची लागेल."

पाच वाजता अहवाल फलकावर लागला.

केंद्राला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. कुणीतरी दारावर मेलेले मासे फेकले. पुरस्कार रद्द झाला. अडतीस जणींतल्या दहा-बारा जणी प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. त्यांतली एक फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्या शाळेच्या डब्यातल्या चकल्या मी तळलेल्या आहेत गं." मयूरी फाटकापर्यंत गेली होती, तिथूनच ती परत फिरली.

फेरतपासणीत अठ्ठावन्न टक्के आले. मयूरीची चौकशी झाली, बंबाच्या अर्जावरून तिला लेखी ठपका मिळाला. एकशे बारा खानावळींच्या मोऱ्या तपासायचा आदेश मात्र निघाला, आणि ते काम तिच्याच गळ्यात पडलं. ती रोज सकाळी निघायची आणि माणसांच्या शिव्या खात मोऱ्यांत वाकून बघायची. आत्याला ती दिवसातून एकदा फोन करायची. फोन वाजत राहायचा.

महिन्याभराने भोईवाडीच्या विहिरीवर सुवर्णा पुन्हा भेटली. तिचा नवरा घरी आला होता, अंगणात खाटेवर बसून होता, हडकलेला. अजून होडीत चढायची ताकद नव्हती.

"तुमची आत्या आली हुती," सुवर्णा म्हणाली.

"इथे?"

"पयल्या दिवशी आमी तिला दारात उभी केली न्हाई. सासूनं तर काय काय बोलून घेतलं. ती ऐकत उभी राह्यली, मग गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. संगं कोंड्याची पोती आनि सात-आठ बाया. कुनाला न विचारता तिथं खाली बसली आनि जाळ्याला कोंडा चोळाय लागली. कोंड्यानं चरबी सुटती, हे आमाला कुठं ठावं. आठ दिवस आली. बावीस जाळी केली. मला म्हनली, 'माझंच हाय, मलाच काढू दे.' मी च्या दिला शेवटच्या दिवशी. एवढंच. माफ केलं असं न्हाई म्हनत मी."

"ती माझ्याबद्दल काही बोलली?"

सुवर्णाने तिच्याकडे नीट पाहिलं. "न्हाई, ताई."

केंद्र चार महिन्यांनी उघडलं. मोरीच्या तोंडाशी तेलसापळा बसवला होता: सिमेंटची तीन कप्प्यांची टाकी. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सावकाश जातं, तेल वर तरंगून मागे राहतं आणि खरवडून काढता येतं. अडतीसपैकी एकतीस जणी परत आल्या होत्या. बंब गच्चीवर होता, पण त्याचा नळ कढयांच्या मोरीपासून तोडलेला होता. कोपऱ्यात कोंड्याच्या पाट्या होत्या.

आठवड्याने तपासणीचा नमुना घ्यायला मयूरीलाच जावं लागलं. आत्या दारात आली. ती खंगली होती, पण ताठपणा तोच.

"या," ती म्हणाली. "तुम्हाला काय तपासायचं ते तपासा. पोरी दाखवतील."

तो 'तुम्ही' मयूरीच्या कानात दिवसभर राहिला. तिने शेवटच्या कप्प्यातून बाटली भरली, चिठ्ठी लावली, वहीवर आत्याची सही घेतली. आत्याने सही करताना मान वर केली नाही.

दुपारी निकाल आला. लिटरला सहा मिलिग्रॅम तेल. मर्यादा दहाची होती, म्हणजे केंद्र उत्तीर्ण झालं होतं. नियमाप्रमाणे निकाल संदेशाने पाठवायचा असतो. मयूरीने संदेश पाठवला आणि यंत्र झाकायला उठली.

फोन वाजला. पडद्यावर आत्याचं नाव होतं.

"सहा म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"मर्यादेच्या आत आहे, आत्या. पास झालं केंद्र."

"ते वाचलं मी. शून्य का नाही आलं?"

"शून्य सहसा येत नाही. थोडं राहतंच."

"थोडं राहतं म्हणजे नदीत जातं ना? सहा कुठून येतंय?"

मयूरीने खुर्ची ओढली आणि बसली. "सांगता येत नाही. झाऱ्यांवरून असेल, सोऱ्यांच्या चकत्यांत अडकून राहत असेल. फडकी धुता ना, त्यातूनही येत असेल. एकेक करून बघावं लागेल."

लांबून भांड्यांचा खणखणाट येत होता.

"घाणा साडेआठला सुरू होतो," आत्या म्हणाली. "उद्या त्याच्या आधी ये. आणि बाटल्या जास्त घेऊन ये."